पत्र्याचं शेड नव्या जागेवर न्यायचंय? गाडी ठरवण्याआधी हा हिशोब मांडा

जिंतूर शहरातली टपरी असो, बोरी-चारठाण्याकडच्या शेतातला गोठा असो की येलदरी रस्त्यावरचं गॅरेज, जागा बदलली की शेड उचलून नेण्याचा विचार आधी येतो. चौकशी मात्र फक्त गाडीभाड्याची होते. पैसे जातात ते ओट्यावर, तुटक्या पत्र्यांवर, वीजजोडणीवर आणि न घेतलेल्या परवानगीवर.

आधी ठरवा : न्यायचं की विकायचं?

फॅब्रिकेशनवाल्याकडून दोन भाव लेखी घ्या : जुनं खोलून उभं करण्याचा आणि तेवढंच नवीन करण्याचा. नव्याच्या भावातून जुन्या लोखंडाचे भंगारात येतील तेवढे पैसे वजा करा. हलवण्याचा खर्च या उरलेल्या रकमेच्या निम्म्याहून जास्त जात असेल, तर जुनं विकून टाका. खांब जमिनीलगत गंजले असतील किंवा छत सिमेंटच्या पत्र्याचं असेल, तरी हेच करा. जुने सिमेंटचे पत्रे काढताना तडकतात, आणि त्यांची अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसाला घातक असते.

खर्च किती?

१० बाय १२ फुटांचं शेड धरा. पुढचे दर मानलेले आहेत, तुमच्या गावचे घालून बघा. एक मिस्त्री १,००० रुपये रोज, दोन मदतनीस प्रत्येकी ६००; खोलायला एक दिवस, उभारायला दोन : ६,६०० रुपये. तालुक्यातल्या तालुक्यात गाडी : २,५००. रॉड, कटिंग चकत्या, वॉशरसह नवे स्क्रू, प्रायमर : २,५००. खड्डे, काँक्रीट, कोबा : ९,०००. खराब झालेले सहा पत्रे : ६,०००. एकूण २६,६०० रुपये. यात गाडीचा वाटा दहाव्या हिश्श्याहूनही कमी. ओटा आणि पाया जुन्या जागेवरच राहतो, म्हणून तो खर्च पहिल्यांदा धरा.

काळ्या रानात शेड नेत असाल तर पायावर काटकसर नको. ही माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि खांब कलतात. खड्डे मुरूम लागेपर्यंत घ्या किंवा तळाशी मुरूम दाबून मग काँक्रीट भरा.

गाडी कोणती?

अशा शेडचं वजन साधारण अर्धा टन. छोटा हत्ती ते सहज ओढतो. अडचण लांबीची आहे. त्याचा हौदा सात फुटांच्या आसपास आणि तुमचे पाइप बारा फुटांचे. माल हौद्याच्या बाहेर आला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ (१अ) नुसार दंड २०,००० रुपये, शिवाय माल उतरवण्याचा खर्च वेगळा. म्हणून चौदा फुटी हौद्याचा टेम्पो घ्या, नाहीतर पाइप कापून न्या. कापलेले पाइप पुन्हा जोडायची मजुरी आधीच ठरवा.

ट्रॅक्टर-ट्रॉली स्वस्त पडते. पण शेतीसाठी नोंदलेली ट्रॉली भाड्याने चालवणं नियमात बसत नाही आणि अपघात झाला तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. स्वतःचा माल स्वतःच्या ट्रॉलीतून नेणं वेगळं, भाड्याने नेणं वेगळं.

टपरी अखंड उचलायची असेल तर हायड्रा लागेल. तीन गोष्टी विचारा : तासाचा दर, कमीत कमी किती तासांचं भाडं, आणि येण्या-जाण्याचे पैसे कोणाकडे. हायड्रा परभणीहून येणार असेल तर चाळीसहून अधिक किलोमीटरचं जाणं-येणं तुमच्याच बिलात येतं. वाटेतल्या विजेच्या तारा आदल्या दिवशी बघून ठेवा. शेतातल्या तारा लोंबलेल्या असतात. बांबूने तार उचलून गाडी पुढे काढू नका. १९१२ वर फोन करून महावितरणकडून लाइन बंद करून घ्या.

कागदपत्रं

जुन्या जागेची : कर भरल्याची पावती, बेबाकी प्रमाणपत्र, आणि जागा भाड्याची असेल तर ‘शेड माझं नाही, नेण्यास हरकत नाही’ असं मालकाचं संमतीपत्र. ते ५०० रुपयांच्या मुद्रांकावर करा. १०० रुपयांचा मुद्रांक २०२४ च्या ऑक्टोबरपासून चालत नाही. शेडवर बँकेचं कर्ज असेल तर बँकेची, आणि गोठा सरकारी योजनेतून झाला असेल तर पंचायत समितीची लेखी परवानगी घेतल्याशिवाय एक पत्राही काढू नका.

नव्या जागेची : सातबारा आणि आठ-अ. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो, त्यासाठी कोणाला शंभर देऊ नका. शहरात नगरपरिषदेची बांधकाम परवानगी लागते, शेड तात्पुरतं असलं तरीही. शेतात गोठा, चारा किंवा अवजारांसाठी शेड असेल तर जमीन महसूल संहितेनुसार ते शेतीच्याच वापरात मोडतं. तिथे दुकान किंवा गॅरेज टाकलं की अकृषिकचा प्रश्न येतो. आधी तलाठ्याकडे विचारा. मोठ्या रस्त्यालगत सार्वजनिक बांधकाम विभागाकडून बिल्डिंग लाइन विचारून घ्या. गायरानावर शेड टाकू नका. अतिक्रमण निघालं की शेडही जातं.

रस्त्याकडेची टपरी असेल तर फेरीवाला प्रमाणपत्रावरची जागा परस्पर बदलता येत नाही. नगरपरिषदेत अर्ज द्या. दुकानाच्या आणि अन्न परवान्याच्या नोंदीतला पत्ताही बदलून घ्या.

वीज

मीटर काढून नव्या जागी स्वतः लावू नका. मंजूर जागेबाहेर वीज वापरणं वीज कायद्याच्या कलम १२६ खाली अनधिकृत ठरतं. जुनी जोडणी कायमची बंद करून सुरक्षा ठेव परत मागा आणि नवीन जोडणीचा अर्ज करा. खांब किंवा वाहिनी वाढवायची नसेल तर नवी जोडणी शहरात ७ आणि ग्रामीण भागात १५ दिवसांत मिळायला हवी. ११ केव्हीच्या तारेखाली शेड टाकणं टाळा. छपरापासून तार उभ्यात किमान ३.७ मीटर आणि आडव्यात १.२ मीटर लांब हवी.

किती दिवस, कधी?

काम तीन-चार दिवसांचं. कागदांसाठी महिना धरा. जून ते सप्टेंबर गाडी रानात रुतते. रब्बी निघाल्यावर काम काढा, पण उन्हाळी वादळाआधी खांबांचं काँक्रीट पक्कं झालेलं असू द्या.

फसू नका

‘साहेबांचं बघावं लागतं’ म्हणून पैसे मागणाऱ्याला पावती मागा. लाच मागितली तर १०६४ वर कळवा. मिस्त्रीशी ठरवताना रॉड, स्क्रू, चहापाणी, चढवणं-उतरवणं कोणाकडे हे कागदावर घ्या. निघालेलं भंगार तुमचं, हेही लिहा. खोलण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा आणि पत्रे मोजून गाडीत चढवा. निम्म्याहून जास्त रक्कम आगाऊ देऊ नका. वाद झालाच तर पावत्या हाताशी ठेवून १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा.

शेड उभं राहिलं की जुन्या जागेची नमुना ८ मधली किंवा नगरपरिषदेतली नोंद कमी करण्याचा अर्ज त्याच आठवड्यात द्या आणि पोच घ्या. नोंद तशीच राहिली तर नसलेल्या शेडचा कर तुमच्याच नावावर चढत राहील.