मोटारीचा डोळा व पुढची कांच

मोटारगाडीची पुढची कांच फुटली तर ती बदलून घ्यावी, आणि पाऊस व वारा आंत येणार नाहीं अशी ती बसली म्हणजे काम संपलें, असा आजवर सर्वांचा समज होता. आणि तो बरोबरही होता. कांच म्हणजे एक पारदर्शक भिंत. तिच्यांतून पाहणारा डोळा चालकाचा. आणि नवी कांच बसविल्यानें तो डोळा कांहीं जागचा हलत नाहीं. परंतु गेल्या कांहीं वर्षांत आपल्या रस्त्यांवर ज्या नव्या गाड्या आल्या आहेत, त्यांतील पुष्कळांना स्वतःचा असा एक डोळा आहे, आणि तो नेमका ह्या कांचेवरच बसविलेला असतो. अशा गाडीची कांच बदलणें म्हणजे तिच्या डोळ्याची जागा हलविणें होय. तो डोळा पुन्हां तपासून घ्यावा लागतो. हें काम कां करावें लागतें, तें कसें करतात, आणि न केल्यास काय होतें, ह्याचा विचार आम्ही ह्या लेखांत करणार आहों. विषय कारखान्यांतला दिसला तरी त्याचीं मुळें शाळेंतल्या भूमितींत व पदार्थविज्ञानांतच आहेत, हें विद्यार्थ्यांच्या ध्यानांत येईल.

१. हा डोळा करतो काय?

चालकाच्या आरशाच्या मागें, कांचेच्या वरच्या कडेपाशीं, एक लहानशी काळी पेटी दिसते. तिच्यांत कॅमेरा असतो. रस्त्यावरच्या पांढऱ्या रेघा, पुढचीं वाहनें, पायीं चालणारीं माणसें, वेगमर्यादेच्या पाट्या ह्या सर्वांवर त्याची नजर असते. गाडी आपला पट्टा, म्हणजे लेन, सोडून जाऊं लागली तर चालकास सावध करणें, कांहीं गाड्यांत स्टिअरिंगचें चाक हलकेंच वळवून तिला परत आणणें, आणि टक्कर होणार असें दिसतांच आधीं इशारा देऊन मग स्वतःच ब्रेक लावणें, हीं त्याचीं मुख्य कामें होत. कांहीं गाड्यांत त्याच्या जोडीस रडारही असतें.

ही विद्या फार जुनी नव्हे. एकाच कॅमेऱ्यानें अंतर ओळखण्याच्या कामाला वाहिलेली मोबिलआय ही कंपनी अम्नोन शाशुआ व झिव अविराम ह्यांनीं १९९९ सालीं जेरुसलेम येथें स्थापिली. जपानांत सुबारू कंपनीनें २००८ सालीं माणसाच्या दोन डोळ्यांप्रमाणें दोन कॅमेरे लावलेली योजना विक्रीस आणली. युरोपीय संघांत तर जुलै २०२४ पासून नोंदल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीस आपोआप ब्रेक लावणारी व लेन सांभाळणारी योजना असणें कायद्यानें बंधनकारक झालें. आपल्याकडे पुण्याजवळ चाकण येथें तयार होणाऱ्या महिंद्र कंपनीच्या एक्सयूव्ही ७०० ह्या गाडींत २०२१ सालीं, आणि होंडा सिटीच्या हायब्रिड गाडींत २०२२ सालीं, असे कॅमेरे आले. तेव्हां हा प्रश्न परदेशाचा राहिलेला नाहीं. तो आपल्या घाटांत व महामार्गांवर आलेला आहे.

२. कांच बदलली म्हणजे काय बदलतें?

मोटारीची पुढची कांच एकेरी नसते. दोन कांचांच्या मध्यें एक पातळ चिवट थर घालून ती केलेली असते, म्हणून दगड लागला तरी ती तडकते, पण तिचे तुकडे अंगावर उडत नाहींत. ह्या युक्तीचें पेटंट एदुआर बेनेदिक्तुस ह्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें १९०९ सालीं घेतलें. कॅमेरा बसविण्याची बैठक, जिला मिस्त्री लोक ब्रॅकेट म्हणतात, ती ह्याच कांचेला चिकटविलेली असते. नवी कांच आली कीं नवी बैठक आली. कांच गाडीच्या चौकटीला ज्या गोंदानें चिकटवितात, त्याचा थर एका बाजूस किंचित् जाड बसला तरी कांच तेवढी कलते. बैठक १० सेंटिमीटर लांब आहे आणि तिचें एक टोंक १ मिलीमीटर उचललें गेलें असें धरा. तेवढ्यानें कॅमेऱ्याची दिशा सुमारे ०.५७ अंशानें, म्हणजे अर्ध्या अंशाहून थोडी जास्त, बदलते. एक मिलीमीटर म्हणजे फारच थोडें. इतका फरक कुशल कारागिराच्या हातूनही राहूं शकतो.

दुसरें कारण प्रकाशाच्या वक्रीभवनाचें आहे. कांचेच्या लादीच्या दोन्ही बाजूंस टांचण्या टोंचून करावयाचा प्रयोग वरच्या इयत्तांतील विद्यार्थ्यांनीं केलेला असतो. लादीचे दोन्ही पृष्ठभाग समांतर असले तर बाहेर पडणारा किरण आंत शिरलेल्या किरणाला समांतर असतो. तो केवळ बाजूला सरकतो. ५ मिलीमीटर जाडीच्या कांचेवर किरण ६० अंशांच्या कोनानें पडला तर तो सुमारे अडीच मिलीमीटर सरकतो. पन्नास मीटरांवरील गाडी पाहतांना ह्या अडीच मिलीमीटरांचें कांहींच महत्त्व नाहीं. परंतु दोन्ही पृष्ठभाग अगदीं समांतर नसले, तर ती लादी न राहतां लोलक होते, आणि लोलक किरणाची दिशाच वळवितो. दिशेंतली चूक अंतराबरोबर वाढत जाते. म्हणून कॅमेऱ्यापुढचा कांचेचा भाग गाडीच्या कारखान्यानें ठरविलेल्या प्रतीचाच असावा लागतो. शिवाय ज्या गाड्यांत वेगाचे आंकडे समोरच्या कांचेवर प्रतिबिंबित करून दाखवितात, त्यांच्या कांचेंतला मधला थर मुद्दाम पाचरीसारखा केलेला असतो, नाहीं तर आंकडे दुहेरी दिसतात. अशा गाडीला साधी कांच, किंवा साध्या गाडीला तसली कांच, बसवून चालत नाहीं.

३. अर्धा अंश म्हणजे किती?

अर्धा अंश ऐकावयास क्षुल्लक वाटतो. त्याचें मोल गणितानें पाहूं. समजा, कॅमेरा रस्त्यापासून १.२ मीटर उंचीवर आहे आणि पुढें ४० मीटरांवर एक ट्रक आहे. ट्रकचीं मागचीं चाकें जेथें रस्त्याला टेंकलीं आहेत, तो बिंदु क्षितिजाच्या पातळीपासून किती खालीं दिसतो, ह्यावरून त्याचें अंतर काढतां येतें. अवनत कोनाचीं जीं उदाहरणें आपण सोडवितों, त्यांतलेंच हें एक. येथें कोनाची स्पर्शज्या १.२ ÷ ४० = ०.०३ येते.

आतां कॅमेरा अर्धा अंश खालीं झुकलेला आहे, पण गाडीच्या यंत्राला तें ठाऊक नाहीं. कॅमेरा खालीं झुकला म्हणजे चित्रांत सर्व वस्तु वर सरकतात, आणि क्षितिजाजवळ दिसणारी वस्तु दूरची, असा यंत्राचा हिशेब असतो. अर्ध्या अंशाची स्पर्शज्या सुमारे ०.००८७. तेव्हां यंत्राच्या हिशेबीं ०.०३ च्या जागीं ०.०२१३ येतात, आणि १.२ ला त्यानें भागलें असतां अंतर निघतें ५६ मीटर. ट्रक ४० मीटरांवर आहे, यंत्र म्हणतें ५६. ताशीं ७२ किलोमीटर वेगानें जाणारी गाडी सेकंदाला २० मीटर जाते; म्हणजे ही १६ मीटरांची चूक ०.८ सेकंदाइतकी झाली. ब्रेक लागणार तो तितका उशिरा. उलट, कॅमेरा अर्धा अंश वर झुकला तर तोच ट्रक ३१ मीटरांवर भासेल, आणि गाडी कारण नसतां ब्रेक लावून मागून येणाऱ्यास संकटांत घालील.

आडव्या दिशेची चूकही अशीच. एक अंशाची चूक ५० मीटरांवर सुमारे ८७ सेंटिमीटर होते. आपल्या महामार्गावरील लेन बहुधा ३.५ मीटर रुंद असते; तिचा हा चौथा हिस्सा झाला. आपल्या लेनमधील मोटारसायकल शेजारच्या लेनमध्यें आहे असें समजण्यास तेवढी चूक पुरे. वस्तूचा आकार किती झपाट्यानें मोठा होतो, हेंही यंत्र पाहतें, आणि लहानशी चूक कांहीं यंत्रें चालतां चालतां स्वतःच सुधारतात, हें खरें. परंतु ही सुधारणा ठराविक मर्यादेपलीकडे होत नाहीं, आणि तिच्या भरंवशावर कोणतीही कंपनी गाडी तशीच सोडण्यास सांगत नाहीं.

४. डोळा रोखण्याची रीत

ह्या कामास कारखान्यांत कॅलिब्रेशन म्हणतात. शास्त्रीय परिभाषेंत अंशशोधन. त्याच्या दोन रीति आहेत. काहीं गाड्यांना पहिली, कांहींना दुसरी, तर कांहींना दोन्ही लागतात.

पहिली रीत गाडी उभी करून करावयाची. जमीन सपाट व पातळींत हवी, उजेड सारखा हवा. चाकांतली हवा पुस्तकांत सांगितली आहे तितकीच भरतात, गाडींतलें ओझें काढतात, कांच स्वच्छ पुसतात. कारण मागें सामान भरलें किंवा एक चाक मऊ असलें तरी गाडी कलते, व तिच्याबरोबर कॅमेराही कलतो. मग गाडीची मध्यरेषा ओळंब्यानें किंवा लेसरच्या किरणानें आंखून, तिच्याशीं काटकोनांत, नेमलेल्या अंतरावर व नेमलेल्या उंचीवर काळ्यापांढऱ्या आकृतींचा एक फलक उभा करतात. गाडीच्या संगणकास तपासणीचें यंत्र जोडून कॅमेऱ्यास तो फलक पाहावयास लावतात. फलक कोठें आहे हें आधींच ठाऊक आहे. तो कॅमेऱ्यास कोठें दिसतो हें आतां कळलें. ह्या दोहोंतला फरक हीच कॅमेऱ्याची चूक.

येथें एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. बहुधा स्क्रू फिरवून कॅमेरा सरळ करीत नाहींत. त्याची चूक मोजून यंत्राच्या स्मरणांत नोंदवितात, आणि पुढें प्रत्येक मापांतून ती वजा होते. प्रयोगशाळेंतील व्हर्निअरची शून्यचूक आपण अशीच वजा करतों. आणि तराजूचीं पारडीं सारखीं नसलीं तर वाणी पासंग लावतो, तोही ह्याच न्यायानें.

दुसरी रीत गाडी चालवून करावयाची. गोंद पुरता धरल्यावर, स्पष्ट रेघा आंखलेल्या सरळ रस्त्यावरून ठराविक वेगानें गाडी नेतात. आगगाडीचे समांतर रूळ दूरवर एका बिंदूंत मिळाल्यासारखे दिसतात, हें चित्रकलेच्या तासाला सर्वांनीं काढलेलें असतें. रस्त्याच्या रेघाही तशाच मिळतात. तो बिंदु चित्रांत कोठें पडतो ह्यावरून कॅमेरा आपली दिशा ओळखतो. मुसळधार पाऊस असला किंवा रेघा पुसट असल्या तर हें काम पुरें होत नाहीं. चांगल्या रस्त्याची व हवेची वाट पाहावी लागते.

५. आंधळा बरा, कीं चुकीचें पाहणारा?

कॅमेरा बंद पडला तर गाडींत दिवा लागतो. चालक म्हणतो, आतां माझें मीच पाहिलें पाहिजे. येथें फसवणूक नाहीं. परंतु ज्याची दिशा चुकली आहे असा कॅमेरा पुष्कळ वेळां कांहींच तक्रार करीत नाहीं. त्याला चित्र स्वच्छ दिसतें. फक्त तें कोठलें हें तो चुकीचें सांगतो. म्हणून “दिवा लागला नाहीं, म्हणजे सर्व ठीक” हें म्हणणें पुरेसें नव्हे.

हिंदुस्थानच्या मोठ्या त्रिकोणमितीय पाहणीचा आरंभ करणारे विल्यम लॅम्टन ह्यांची गोष्ट ह्या ठिकाणीं आठवते. १८०८ सालीं तंजावरच्या देवळाच्या शिखरावर त्यांचा सुमारे अर्ध्या टनाचा थिओडोलाइट चढवीत असतां दोर तुटला, यंत्र भिंतीवर आपटलें व त्याचें कोन मोजण्याचें वर्तुळ वाकलें. दुर्बीण फुटली नव्हती एवढ्यावर समाधान मानून त्यांनीं काम पुढें रेटलें नाहीं. सुमारे सहा आठवडे खपून तें वर्तुळ पूर्ववत् केलें, आणि मगच पुढचे कोन मोजले. मोजण्याचें साधन जागचें हललें कीं तें ज्ञात वस्तूशीं ताडून पाहावें, हाच तो नियम.

पालकांनीं म्हणून इतकें करावें. कांच बदलण्यापूर्वींच विचारावें कीं, ह्या गाडीला कॅमेरा आहे काय, त्याचें कॅलिब्रेशन कोण करणार, व त्याचा खर्च किती. विमा असल्यास हा खर्च त्यांत धरला जातो काय, हें आधीं पाहावें. काम झाल्यावर त्याचा लेखी दाखला घ्यावा. तें काम होईपर्यंत गाडी आपोआप ब्रेक लावील ह्या समजुतीवर राहूं नये. कांचेप्रमाणेंच अपघातानंतर, चाकांची दिशा सुधारल्यावर, किंवा गाडीची उंची बदलल्यावरही हीच चौकशी करावी. आणि कॅमेरा कितीही नीट रोखलेला असला तरी गाडीची जबाबदारी चालकाचीच असते, हें विसरूं नये.

कॅलिब्रेशनचे पैसे वांचविणारा गाडीचा मालक असतो. परंतु त्या बचतीची किंमत रस्ता ओलांडणाऱ्या एखाद्या मुलास द्यावी लागेल, आणि त्या मुलास कोणीं विचारलेलें नसतें. ह्या कामाकडे खर्चाच्या दृष्टीनें पाहतांना एवढी गोष्ट हिशेबांत धरली पाहिजे.

विद्यार्थ्यांनीं करून पाहावयाचीं उदाहरणें

(१) कॅमेरा १.४ मीटर उंचीवर आहे व पुढची गाडी ३५ मीटरांवर आहे. कॅमेरा अर्धा अंश खालीं झुकला तर ती किती दूर भासेल? (उत्तर: सुमारे ४५ मीटर.)

(२) १२ सेंटिमीटर लांबीच्या बैठकीचें एक टोंक १ मिलीमीटर बाजूला सरकलें. ६० मीटरांवर किती चूक होईल? (उत्तर: ५० सेंटिमीटर.)

(३) कांचेची लादी व लोलक घेऊन टांचण्यांचा प्रयोग करा, आणि कोणत्या साधनानें किरणाची दिशा बदलते व कोणत्यानें केवळ जागा, हें वहींत आकृति काढून लिहा.