काळी वाळू, पितळी रूळ आणि काकांचं इंजिन

प्रश्न : आमचे काका बोटीवर नोकरीला होते. चाळीसेक वर्षांपूर्वी त्यांनी जर्मनीहून एक मोठं रेल्वे इंजिन आणलं. वीतभराहून थोडं लांब, हिरवं-काळं, चार चाकांचं, सोबत पितळी रुळांचं गोल रिंगण. लहानपणी खळ्यात, कधी दर्यावर पुळणीत, रूळ मांडून आम्ही ते चालवायचो. नंतर वर्षानुवर्षं कपाटात पडून होतं. यंदा मुलीसाठी बाहेर काढलं तर एक आचका देतं आणि थांबतं. बोटाने ढकललं की पुन्हा वीतभर जातं. वडील म्हणतात, 'आता ता शोकेसात ठेव.' कपाटात बंद असलेलं यंत्र बिघडलं कसं? मालवणात ते दुरुस्त होईल का? आणि दुरुस्त करतोच आहोत तर रिमोट, आवाज वगैरे घालता येईल का? मुलीला त्याची 'कोकणकन्या' एक्स्प्रेस करायची आहे.
— एक वाचक, मालवण

उत्तर : आचका देऊन थांबतंय, म्हणजे इंजिन जिवंत आहे. मेलेलं इंजिन आचके देत नाही. शोकेसचा विचार तूर्त बाजूला ठेवा.

तुमच्या वर्णनावरून हे बहुधा 'स्टाइन्झ' असावं. लेहमान ही जर्मनीतली खेळणी बनवणारी जुनी कंपनी, १८८१ सालची. १९६८ मध्ये तिने न्यूरेंबर्गहून ४५ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवरची मोठी रेल्वे बाजारात आणली. 'लेहमान ग्रॉस बान', म्हणजे लेहमानची मोठी रेल्वे. जगभर तिला एलजीबी म्हणतात. ही गाडी घरातल्या टेबलावर नव्हे, तर बागेत, उन्हापावसात धावावी अशा बेताने केलेली. स्टाइन्झ हे तिचं पहिलं इंजिन. खरं स्टाइन्झ १८९२ चं, ऑस्ट्रियातल्या ७६० मिलिमीटरच्या अरुंद रुळांवरचं. आपल्या बार्शी लाइट रेल्वेचे रूळ ७६२ मिलिमीटरचे होते, तेव्हा दोघं चुलतभाऊच म्हणायचे.

आता बिघाडाकडे. या इंजिनाला वीज रुळांतून मिळते. डाव्या रुळातून एक तार, उजव्यातून दुसरी, असं समजा. चाकं रुळावरून वीज उचलतात आणि चाकांच्या मधोमध स्प्रिंगने दाबलेले दोन सरकते बूट असतात, तेही उचलतात. तिथून पत्र्याच्या पट्ट्या आणि कार्बनच्या कांड्या यांमधून ती मोटरीत जाते. म्हणजे रूळ, चाक, बूट, पट्टी, कार्बन अशी नुसत्या स्पर्शावर चाललेली साखळी झाली. यातली एकही कडी पक्की झाळलेली नाही, सगळ्या घासत्या. कोरड्या हवेत हे ठीक चालतं. मालवणात हवेतच मीठ असतं, आणि मीठ हवेतलं पाणी धरून ठेवतं. कपाट बंद असलं म्हणून हवा आत शिरायची थांबत नाही. ताक पितळेच्या भांड्यात कळकतं ते एका रात्रीत. तुमचे रूळ आणि बूट वर्षानुवर्षं सावकाश कळकत होते, एवढाच फरक. तो काळपट-हिरवा थर वीज जाऊ देत नाही. तुम्ही इंजिन ढकलता तेव्हा चाक घासून थोडं पितळ उघडं पडतं, वीज मिळते, ते वीतभर पळतं, पुढे पुन्हा कळकलेला तुकडा येतो.

पण सगळा दोष खाऱ्या हवेवर टाकू नका. तुम्ही पुळणीत इंजिन चालवल्याचं सहज लिहून गेलात. खरी चिंता मला तिथे वाटते.

सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर पांढऱ्या वाळूत काळ्या रेघा दिसतात. पावसाळ्यानंतर तर ठळक दिसतात. त्या काळ्या कणांत इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट ही लोहयुक्त खनिजं असतात. एखादं लोहचुंबक कागदात गुंडाळून त्या वाळूवरून फिरवा, कागदाला काळी मिशी फुटेल. आता लक्षात घ्या, इंजिनाच्या मोटरीत कायमचे लोहचुंबक असतात. इंजिन पुळणीत फिरलं की ही काळी वाळू फटीतून आत खेचली जाते आणि चुंबकाला, फिरत्या भागाला चिकटून बसते. तिथून कार्बनच्या खाली, मग ग्रीसमध्ये. ग्रीस आणि वाळू मिळून कानशीच तयार होते. मोटरीच्या टोकाला पितळी वर्म, म्हणजे स्क्रूसारखा दांडा असतो आणि तो प्लास्टिकच्या दात्यांना फिरवतो. झिजतात ते बिचारे दाते. आपल्या वाड्यांतली जांभ्याची लाल धूळही हेच काम करते, फक्त जरा सावकाश.

घरी तपासायची सोपी रीत सांगतो. इंजिन रुळावरून उचला, उलटं करा आणि टेस्टरमधली चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी घ्या. तिच्या दोन टोकांच्या दोन तारा डाव्या आणि उजव्या चाकाला लावा. चाकं सुरळीत फिरली तर मोटर उत्तम आहे, दोष फक्त रूळ आणि बुटांचा. अडखळत, करकरत फिरली तर आत वाळू आणि वाळलेलं ग्रीस आहे. अजिबात हूं का चूं नाही, तर कार्बन संपलेत किंवा पट्टी गळालीय. चाक हाताने जबरदस्तीने फिरवू नका. वर्म उलटा फिरत नाही, तुटतात ते दाते.

दुरुस्ती मालवणात होईल का? निःसंशय. जिथे मासेमारी होड्यांची मशिनं खाऱ्या पाण्यातून काढून पुन्हा उभी करतात, तिथे वीतभर इंजिनाची काय कथा. मिक्सर दुरुस्त करणारा माणूस कार्बन ओळखतो. मोबाईल दुरुस्त करणाऱ्याकडे बारीक सोल्डर आणि भिंग असतं. मोटरीच्या बुशसाठी कुडाळच्या एमआयडीसीत लेथवाला सापडेल. फक्त प्लास्टिकच्या दात्याला पर्याय कुणी हौसेने पितळेत करून देतो म्हणाला तर नको म्हणा. प्लास्टिकचा दाता मुद्दाम कमजोर ठेवलेला असतो, काही अडकलं तर तो तुटावा आणि मोटर जळू नये म्हणून. एलजीबी २००७ पासून मेर्कलिन या दुसऱ्या जर्मन कंपनीकडे आहे. सुटे भाग अजून मिळतात, परदेशी नातलग असेल तर त्याच्या सामानात ते सहज येतील.

खालचे स्क्रू काढले की तळाचं झाकण निघतं. आधी मोबाईलवर फोटो काढा, मगच काही हलवा. पट्ट्या, स्प्रिंगा कशा बसल्या होत्या हे नंतर आठवत नाही. जुनं ग्रीस काडीने, मग मऊ ब्रशने काढा. पेट्रोल, थिनर प्लास्टिकच्या जवळही नेऊ नका. आणि एक विनंती, खोबरेल नको. आपल्याकडे शिलाई मशीनपासून दाराच्या बिजागरीपर्यंत सगळ्याला खोबरेल लावायची रीत आहे. ते थंडीत थिजतं, पुढे चिकट होतं, आणि मग तुमच्यासारखी पत्रं येतात. धातूच्या बुशला शिलाई मशीनचं तेल, एक थेंब. दात्यांना प्लास्टिकला चालणारं ग्रीस, तेही तिळाएवढं.

रूळ घासताना घरच्या मंडळींचा सल्ला येईल : चिंच लाव, आगळ लाव. पितळेची समई त्याने झळकते हे खरंच. पण आगळात मीठ असतं. समई तुम्ही नंतर धुता, पुसता. रुळांच्या सांध्यांत आगळ मुरलं की ते तिथेच राहणार. चार दिवस चकचकीत, मग आधीपेक्षा हिरवं. बारीक घासकापडाने कोरडे घासा आणि सांधे उघडून पुसा, कारण खरा विरोध सांध्यांत असतो.

आता सुधारणा. माझं मत आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना गोंधळ नको : तुमच्या गावात या इंजिनाला एकच सुधारणा खरोखर हवी आहे, ती म्हणजे रुळांतून वीज घेणं बंद करणं. बाकी आवाज, धूर, दिवे ही हौस.

जगभर जुन्या इंजिनात डिजिटल चिप घालायची पद्धत आहे. रुळांत सतत वीज असते, तिच्यातूनच हुकूम जातात आणि चिप मोटरीला वेग देते. छान व्यवस्था आहे, पण ती रुळांच्या स्वच्छतेवर अजूनच जास्त अवलंबून. साध्या मोटरीला क्षणभर वीज तुटली तर ती आपल्याच फिरण्याच्या जोरावर पुढे सरकते, चिप मात्र शुद्धच हरपते. शिवाय जुन्या स्टाइन्झमध्ये मोटरीची टोकं चाकांच्या पट्ट्यांना थेट भिडलेली असतात. ती तोडून वेगळी न करता चिप जोडली तर पहिल्याच फेरीला ती जळते.

म्हणून बॅटरी. लिथियमचे चार सेल ओळीने जोडले की १४.८ व्होल्ट होतात, पूर्ण भरल्यावर १६.८. मूळ इंजिन २४ व्होल्टपर्यंत चालतं, पण त्या वेगाने चार चाकांचं इंजिन वळणावर उडी मारतं. खळ्यात पंधरा-सोळा व्होल्ट भरपूर झाले. इंजिनात जागा नाही, तेव्हा सेल मागच्या मालडब्यात ठेवा आणि दोन तारांचा खटका पुढे आणा. सेलसोबत संरक्षक पट्टी आणि फ्यूज हवाच. त्यावर काटकसर नको आणि रात्री चार्जिंगला लावून झोपूही नका. आपल्या विजेचे लपंडाव तुम्हाला सांगायला नकोत. रेडिओ रिमोटचा नियंत्रक घेण्याआधी एक मोजमाप करा : चाकं हाताने क्षणभर रोखून मोटर किती अँपिअर ओढते ते मल्टिमीटरवर पाहा. नियंत्रकाची ताकद त्याहून जास्त पाहिजे. चाकांच्या पट्ट्या आणि बूट मात्र तोडून टाकू नका, फक्त मोटरीपासून सोडवून ठेवा. पुढे कुणाला काकांचं इंजिन काकांसारखं चालवायचं असेल.

हे केलंत की रूळ कळकोत, भिजोत, इंजिनाला फरक पडत नाही. ज्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथे ही केवढी सुटका आहे! गंमत अशी की मोठ्या रेल्वेने नेमका उलटा प्रवास केला. कोकण रेल्वे १९९८ च्या जानेवारीत पूर्ण खुली झाली तेव्हा तिची इंजिनं आपलं इंधन आपल्या पोटात घेऊन धावायची. २०२२ मध्ये विद्युतीकरण पुरं झालं आणि वीज बाहेरून, तारेतून येऊ लागली. तिथे तार डोक्यावर असते, माणसं रोज तिची देखभाल करतात. तुमच्या खळ्यातल्या रुळांची देखभाल तुमच्या मुलीची शाळा सुटल्यावर होणार.

'कोकणकन्या'चं मात्र अवघड आहे, आणि अडचण रंगाची नाही, गणिताची आहे. या मापात १ मीटरचा खरा रूळ ४५ मिलिमीटर धरतात, म्हणजे प्रमाण साधारण १ : २२.५. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. त्याच प्रमाणात तो साडेचौऱ्याहत्तर मिलिमीटर व्हायला हवा, तुमच्याकडे आहेत ४५. उलट ४५ मिलिमीटरला ब्रॉडगेज मानलं तर प्रमाण १ : ३७ होतं. सध्याचं विजेचं डब्ल्यूएपी-७ इंजिन साडेवीस मीटर लांब आहे. १ : ३७ ने ते ५५ सेंटिमीटर भरेल, आणि स्टाइन्झच्या चार चाकांवर एवढं लांब धूड बसवलं तर वळणावर ते रिंगणाच्या बाहेर डोकावेल. मुलीला खरी रेल्वे छोट्या मापात पाहायची असेल तर पुण्याला कर्वे रस्त्यावर बी. एस. जोशी यांनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय दाखवा. योगायोग म्हणजे तेही १९९८ चंच. तिथलं माप १ : ८७, तिथे हेच डब्ल्यूएपी-७ साडेतेवीस सेंटिमीटरचं होईल. माथेरानच्या गाडीचं म्हणाल तर दोन फुटी रूळ ४५ मिलिमीटरवर आणायला १ : १३.५ चं दांडगं प्रमाण लागतं. स्टाइन्झचं ना हे होतं ना ते.

मग तिचं मन कसं राखायचं? इंजिन आहे तसं राहू द्या आणि हौस डब्यांवर भागवा. सावंतवाडीचे चितारी पांगाऱ्याच्या हलक्या लाकडात आंबा, फणस, बैलगाडी करतात. डब्याचा सांगाडा त्यांना जड नाही. माप द्या आणि चाकं तयार आणा. रंग लाखेचे, पाटी मुलीच्या हस्ताक्षरातली. कोकण रेल्वेवर वाफेच्या इंजिनाची गाडी नियमित धावलीच नाही, त्यामुळे 'असं कुठे होतं का' म्हणायला कुणी येणार नाही.

चवथीला गणपतीभोवती गाडी फिरवायचा विचार मनात आलाच असेल. जुन्या रिंगणाचा व्यास सव्वा मीटरच्या आसपास असतो, पाट आणि मूर्ती आत मावेल. अक्षता आणि दूर्वांचे तुकडे दात्यांत जातात, तेव्हा आरतीच्या वेळी गाडी थांबवा. आणि गणपतीवरच्या माटवीला कवंडाळाचं फळ बांधताना खाली रूळ कुठे आहेत ते एकदा पाहून घ्या. पिकून पडलं तर ते नेमकं तिथेच पडतं.