भिंत आधी खरवडा
वचन-अभ्यास : लेवीय १४:३३–५३



वेळापूरला ज्या जुन्या दगडी घरात पारधी मुलांची अभ्यासिका भरते, त्याच्या भिंतींचे काम तुमच्या देणगीतून झाले. त्या पांढऱ्याशुभ्र भिंतीचे छायाचित्र मीच मोठ्या हौसेने या पत्रिकेला पाठवले होते. आज त्याच भिंतीविषयी एक कबुली द्यायची आहे.

घर माळवदाचे. भिंती दोन हात जाड, दोन्ही अंगांना दगड आणि मध्ये माती. चुन्याचा जुना गिलावा जागोजाग सुटला होता. मी घाईने त्यावर सिमेंटचा गिलावा करून घेतला आणि रंग दिला. पहिल्याच पावसाळ्यानंतर कमरेपर्यंत ओल चढली, रंगाचे पापुद्रे निघाले, वर पांढरे मीठ फुलले. मी पुन्हा रंग दिला. ओल पुन्हा आली. भिंतीला टेकून बसणारी मुले खोकू लागली आणि एकेक करून येईनाशी झाली. मी चौकशीला गेलो, तेव्हा एक आई म्हणाली, “आमचं पाल बरं, सर. तिथं वारं तरी लागतं.”

शेवटी एका वयस्क गवंडीकाकांना आणले. भिंतीवर हात ठेवून ते म्हणाले, “सर, भिंत कोंडलीया तुमी.” दगडमातीची भिंत जमिनीतली ओल वर ओढते. चुन्याच्या गिलाव्यातून ती हळूहळू वाफ होऊन निघून जाते. सिमेंट मात्र तिला आत अडवून धरते.

त्या रात्री मी लेवीय १४ उघडले. घराच्या भिंतीत चट्टा दिसला तर काय करावे, याचा क्रम तिथे आहे. याजक आधी नीट पाहतो. सात दिवस घर बंद ठेवून पुन्हा पाहतो. चट्टा पसरला असेल तर बाधलेले दगड काढतात, घर आतून खरवडतात आणि मगच नवा गिलावा करतात. लिंपणे येते ते शेवटी. यहेज्केल १३:१०–१५ मध्ये याच्या उलट वागणारे लोक दिसतात. कच्च्या भिंतीला ते वरून लेप देतात. पाऊस आला की लेपाबरोबर भिंतही पडते. मी त्यांच्यातलाच एक होतो.

मग आम्ही वचनाच्या क्रमाने गेलो. दसऱ्यानंतर छिन्नीने हलक्या हाताने सिमेंट काढले, सांध्यांतली भुसभुशीत माती उकरली आणि भिंत दोन महिने उघडी ठेवली. यंदाचा नाताळ मुलांनी उघड्या दगडांमध्येच साजरा केला. नंतर कळीचा चुना पाण्यात विरवला. तो विरताना उकळतो आणि डोळ्यांत उडाला तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून मुलांना लांब ठेवले. एक भाग चुना, तीन भाग वाळू. भिंत भिजवून पातळ थर दिला. तो आवळल्यावरच दुसरा. उन्हाने तडे जाऊ नयेत म्हणून वर ओली गोणपाटे टांगली. चुना हवेतला कार्बन वायू घेऊन पुन्हा चुनखडीसारखा घट्ट होतो, पण त्याला महिनोन्‌महिने लागतात. तिथे घाई चालत नाही.

बंधुभगिनींनो, तुमचे पैसे एकाच भिंतीवर दोनदा खर्च झाले. ती चूक माझी आहे, मला क्षमा करा. मी मुलांना विचारले नाही, भिंतीलाही विचारले नाही. छायाचित्र चांगले यावे एवढेच पाहिले. सेवेतही असे होते. ज्यांची सेवा करायची, त्यांच्या दुःखाला हात न लावता आपण वरून पांढरे करतो आणि त्यालाच कार्य म्हणतो.

मननासाठी प्रश्न :
१. माझ्या घरात किंवा मंडळीत कोणती ओल मी रंगाने झाकत आहे?
२. मदत करण्याआधी, जिला ती द्यायची त्या व्यक्तीचे मी किती ऐकतो?
३. काम झाल्यावर पुन्हा पाहायला मी जातो का?

तिसरा प्रश्न वचन ४८ मधून घेतला आहे. गिलावा झाल्यावर याजक पुन्हा येऊन पाहतो आणि चट्टा पसरलेला नसेल तरच घर शुद्ध ठरवतो. म्हणून या वेळी छायाचित्र पाठवलेले नाही. मुले परत येऊ लागली आहेत. ती आई मात्र अजून दारातूनच भिंत न्याहाळते. एक पावसाळा जाऊ द्या. तोवर प्रार्थनेत आमची आठवण ठेवा.