'काहीच वाटत नाही' हेच डॉक्टरला सांग

आहुपे, वैशाख

चि. भाचेबुवा यांस मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. आजी गेली तरी रडू आलं नाही. माळीण गाव दरडीखाली गेलं तेव्हा चौथीत होतो, तिथल्या कुणाशी ओळख ना पाळख, तरी रात्रभर रडलो होतो. आता मी दगड झालोय का, असं विचारलंस आणि शेवटी एक हसरं तोंड चिकटवलंस. त्या तोंडाला मी फसत नाही.

तू दगड झालेला नाहीस. आजारी असावास. मी डॉक्टर नाही, आश्रमशाळेतला निवृत्त मास्तर. पण जे पाहिलं ते सांगतो. तेरावं झाल्यावर तुझ्या आईने मुद्दाम सुक्या बोंबलाचं कालवण केलं. तू भाकरीचा तुकडा मोडायचास, बुडवायचास, गिळायचास. ताट स्वच्छ केलंस. तिने विचारलं, कसं झालंय? तू क्षणभर थांबून म्हणालास, "मीठ बरोबर होतं ना?" स्वतः जेवलेला माणूस दुसऱ्याला मीठ विचारतो, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. तुझी चुलती मात्र म्हणाली, शहराचं पाणी लागलं, पोराला माज आलाय.

तिच्यावर रागावू नकोस. रडणाऱ्याच्या पाठीवर सगळे हात ठेवतात. जो कामावर जातो, घरी पैसे पाठवतो, वाढलेलं खातो, त्याला आजारी कोण म्हणणार? पण नैराश्याचं निदान करताना डॉक्टर दोन मुख्य लक्षणं बघतात. एक, मन सतत उदास असणं. दुसरं, कशातच रस वा आनंद न उरणं. दोन्हीच असली पाहिजेत असं नाही. यातलं एक आणि जोडीला झोप, भूक, थकवा, लक्ष न लागणं, स्वतःला नालायक समजणं अशी मिळून पाच लक्षणं दोन आठवडे, दिवसाचा बहुतेक वेळ टिकली, तर तो आजार धरतात. म्हणजे डोळ्यांतून टिपूस न येताही नैराश्य असू शकतं. रिबो नावाच्या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने आनंद न वाटण्याच्या या लक्षणाला १८९६ सालीच नाव दिलं. तुझ्या चाकणला कंपनीचं धुराडंही नव्हतं तेव्हा! म्हणून हे तुझ्या पिढीचं मोबाइलचं खूळ आहे, असं कुणी म्हणालं तर ऐकून सोडून दे.

दात काढताना इंजेक्शन देतात ना, त्याने दुखणं जातं, पण ओठही आपला वाटत नाही. तुझं तसंच झालंय. दुःख बधिर झालं, त्याच्याबरोबर बोंबीलही गेला, कबड्डीही गेली. मोठा धक्का बसला की माणूस काही दिवस सुन्न होतो, ते वेगळं. दिवाळीपासून कबड्डी बघवत नाही असं तूच लिहिलंस, आणि आजी गेली चैत्रात. म्हणजे हे आजी जाण्याआधीपासूनचं आहे. रडू आलं नाही म्हणून आजीवर प्रेम नव्हतं, हा निवाडा तू स्वतःवर करू नकोस. निवाडा करणारं मनच सध्या आजारी आहे.

आता काय करायचं ते. १४४१६ हा सरकारचा टेलि-मानस नंबर. १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, रात्रपाळीवरून सुटलास तरी लागतो, मराठीत बोलता येतं. तिथे 'टेन्शन आहे' असं मोघम बोलू नकोस. 'काहीच वाटत नाही, दिवाळीपासून' हेच शब्द वापर. मग मानसोपचारतज्ज्ञाला भेट. ते थायरॉइड तपासायला सांगतील, कारण तो मंदावला तरी माणूस असाच थंड पडतो. पाळ्या कशा बदलतात आणि शिफ्ट सुटल्यावर मित्र काय पाजतात, तेही सांग. दारूने मोकळं वाटतं ते तासाभरापुरतं. हा आजार ती वाढवतेच.

गोळ्या दिल्या तर काही आठवडे धीर धर. काहींना त्याच गोळ्यांनी मन आणखी बोथट झाल्यासारखं वाटतं. तसं वाटलं तर डॉक्टरला सांगायचं. डोस कमी करता येतो, गोळी बदलता येते. मनाने एकदम बंद करायच्या नाहीत. तुझ्या आत्याने भगताकडे नारळ ठेवलाय. राहू दे. नारळ आणि डॉक्टर दोन्ही चालतात, डॉक्टरऐवजी नारळ चालत नाही.

'कासव' नावाचा मराठी सिनेमा मिळाला तर बघ. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा, २०१७ साली सुवर्णकमळ मिळालेला. निर्माते मोहन आगाशे, जे स्वतः मानसोपचारतज्ज्ञ आहेत. त्यातला पोरगा तुझ्याच वयाचा, आणि त्याच्याभोवतीची माणसं त्याला ऊठ-हस-बोल म्हणत मागे लागत नाहीत. मला तेवढंच फार आवडलं. नाही आवडला तर बंद कर, परीक्षा नाही.

इच्छा झाली की करीन, असं मात्र म्हणू नकोस. या आजारात इच्छा आधी येत नाही. आधी थोडं काम, मग कधीतरी मागून ती येते. सुट्टी मिळाली तर ये. बालहिरड्याचे दिवस आहेत, वर चढणारा एक आणि खाली वेचणारा एक लागतोच. तू वेच. मजा आली का, असं कुणी विचारणार नाही, मी सगळ्यांना बजावलंय.

एक गोष्ट सरळ विचारतो. दहाव्याच्या संध्याकाळी तू कड्यावर एकटाच गोरख-मच्छिंद्राकडे तोंड करून बसला होतास. मरावं असं मनात येतं का? उद्या उठलो नाही तरी काय, असं येतं का? येत असेल तर लाजू नकोस. हे पत्र बाजूला ठेव, आत्ता १४४१६ लाव, मग मला लाव. रात्रीचे दोन वाजले असले तरी. आणि खोलीत एकटा राहू नकोस.

आईला मी एवढंच सांगितलंय की तुला बरं नाही, उपचार करायचे आहेत. बाकीचं तू सांगशील तेव्हा. पगारातून ईएसआयसी कापत असतील तर कार्डाचा फोटो पाठव. त्यावर मानसोपचाराचं काम कुठल्या दवाखान्यात होतं ते विचारून ठेवतो. सुट्टी कधी आहे तेही कळव. दवाखान्यात तुझ्याबरोबर बाकावर बसायला मी येतो.

तुझा,
मामा