ज्येष्ठांच्या घरगुती तपासण्या : यंत्र एकदा, पट्टी वारंवार

कोविडच्या महासाथीने २०२० व २०२१ या दोन वर्षांत आपल्या घरांतील औषधांच्या डब्याचे रूप पालटून टाकले. त्यापूर्वी ज्या घरांत जेमतेम एक थर्मामीटर असे, तेथे ऑक्सिमीटर, रक्तदाबमापक आणि ग्लुकोमीटर येऊन बसले. मे २०२१ मध्ये पुण्याच्या मायलॅब कंपनीने तयार केलेल्या, घरच्या घरी करावयाच्या कोविड चाचणीस भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने मान्यता दिली. तिची किंमत २५० रुपये होती. साथ ओसरली, परंतु घरी तपासणी करण्याची सवय उरली. ज्यांची मुले नोकरीनिमित्त दूर आहेत आणि ज्यांना दोन जिने उतरून रिक्षा गाठणेही कठीण जाते, अशा वृद्धांच्या बाबतीत ही सवय इष्टच आहे. प्रश्न आहे तो ती परवडण्याचा.

या दिशेने शासकीय पातळीवर प्रयत्न झाले, हे नमूद केले पाहिजे. जून २०२१ मध्ये ऑक्सिमीटर व कोविड चाचणी संचांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्के करण्यात आला. ही सवलत त्या वर्षीच्या सप्टेंबरअखेरपर्यंत होती. जुलै २०२१ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने ऑक्सिमीटर, रक्तदाबमापक, ग्लुकोमीटर, नेब्युलायझर व डिजिटल थर्मामीटर या पाच उपकरणांवरील व्यापारी नफ्यास ७० टक्क्यांची मर्यादा घातली. परंतु ही यादी यंत्रांची होती. ग्लुकोमीटरचा खरा खर्च यंत्रात नसून पट्टीत आहे. पट्टीवरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला तो २२ सप्टेंबर २०२५ पासून.

हिशेब साधा आहे. एका पट्टीस बाजारात साधारणतः १५ ते २५ रुपये पडतात. २० रुपये धरले आणि दिवसातून दोन वेळा तपासणी केली, तर महिन्यास १२०० रुपये होतात. टोचावयाच्या सुया निराळ्या. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेखाली निराधार वृद्धास मिळणारी रक्कम महिना १५०० रुपये आहे. हे दोन आकडे शेजारी ठेवले म्हणजे कित्येक ग्लुकोमीटर कपाटात धूळ खात का पडतात, याचे वेगळे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही.

यात आणखी एक अडचण आहे. प्रत्येक यंत्रास त्याच कंपनीची, बहुधा त्याच नमुन्याची पट्टी लागते. यंत्र स्वस्तात, प्रसंगी फुकटही मिळते. पुढे बांधून घेतला जातो तो ग्राहक. कंपनीने तो नमुना बंद केला की चालू स्थितीतील यंत्रही निरुपयोगी ठरते. शिवाय ५० पट्ट्यांची बाटली घेणे स्वस्त वाटले, तरी अनेक कंपन्यांची पट्टी बाटली उघडल्यापासून सुमारे तीन महिनेच विश्वासार्ह राहते, कारण पट्टीवरील विकर दमट हवेने खराब होते. कोकणातील पावसाळ्यात तर उघडे राहिलेले झाकण अधिकच महागात पडते. आठवड्यास एकदाच तपासणाऱ्या वृद्धाच्या त्या बाटलीतील बहुतेक पट्ट्या वाया जातात. अशांनी २५ पट्ट्यांची बाटली, अथवा प्रत्येक पट्टी स्वतंत्र वेष्टनात मिळत असल्यास ती घ्यावी. बाटली शेजाऱ्याबरोबर वाटून घेता येते, मात्र पट्टी काढून दुसऱ्या डबीत ठेवू नये. सुई आणि टोचणी मात्र कोणाशीही, पतिपत्नींनी आपसांतही, वाटून घेऊ नये.

मग तपासणी किती वेळा करावी? येथे खर्च कमी करण्यास खरा वाव आहे, असे आमचे मत आहे. जे इन्शुलिन घेत नाहीत, अशा दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहींमध्ये घरगुती तपासणीने साखरेच्या नियंत्रणात पडणारा फरक अल्प असतो व वर्षभरात तो जवळजवळ नाहीसा होतो, असा निष्कर्ष २०१२ च्या कॉक्रेन आढाव्यात निघाला. अशा रुग्णाने रोज बोट टोचण्यापेक्षा दर तीन ते सहा महिन्यांनी एचबीएवनसी ही तपासणी करून घेणे अधिक उपयुक्त व एकंदरीत स्वस्त ठरते. इन्शुलिन घेणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या पट्ट्यांत काटकसर करणे म्हणजे जिवाशी खेळणे होय. साखर उतरवू शकणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या वृद्धास घाम सुटला, हातपाय थरथरू लागले वा बोलण्यात गोंधळ जाणवला, तर त्या क्षणी पट्टी वापरलीच पाहिजे. ७० मिलिग्रॅमखालील आकडा दिसताच शुद्धीवर असलेल्या रुग्णास साखरपाणी द्यावे. तपासणीची वारंवारता डॉक्टरांनी औषधांच्या चिठ्ठीवरच लिहून द्यावी, असा आमचा आग्रह आहे. भीतीपोटी घेतलेल्या आकड्यांनी वही भरते, उपचार बदलत नाहीत.

रक्तदाबमापकास असा वारंवारचा खर्च नाही; म्हणून घरातील सर्वांत किफायतशीर उपकरण तेच. पट्टा दंडाच्या घेरास बसेल असा असावा, मापनापूर्वी पाच मिनिटे शांत बसावे, हात हृदयाच्या पातळीवर टेकवावा. घरी सरासरी १३५/८५ वा त्याहून अधिक येत असल्यास डॉक्टरांना दाखवावे. ऑक्सिमीटर धडधाकट माणसाने रोज लावण्याचे कारण नाही.

ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील सर्वांना आयुष्मान भारत योजनेचे संरक्षण लाभले, परंतु ते रुग्णालयात दाखल होण्याच्या खर्चासाठी आहे. धर्मादाय रुग्णालयांत निर्धनांसाठी व दुर्बल घटकांसाठी प्रत्येकी १० टक्के खाटा राखून ठेवण्याचे बंधन आहे. तेथेही केंद्रस्थानी खाटच. घरच्या पट्टीला या कोणत्याही योजनेत नीटसे स्थान नाही. म्हणून देणगीदारांना आमची विनंती आहे की, यंत्रे भेट देण्याचा मोह आवरावा. वाढदिवसानिमित्त दहा ग्लुकोमीटर वाटण्याचे छायाचित्र सुरेख येते. परंतु इन्शुलिन घेणाऱ्या एका निर्धन वृद्धेच्या वर्षभराच्या पट्ट्या हे अधिक मोलाचे दान आहे. संस्थांनी एकाच नमुन्याचे यंत्र ठरवून पट्ट्यांची एकत्रित खरेदी केल्यास दरही उतरतो आणि नमुना बंद होण्याची पूर्वसूचनाही विक्रेत्याकडून लेखी घेता येते.

घरचे यंत्र बरोबर दाखवते का, हे वर्षातून एकदा तरी पडताळावे. प्रयोगशाळेत उपाशीपोटी रक्त देतानाच घरच्या यंत्रावरही मोजावे. आकडा १०० वा त्याहून अधिक असल्यास १५ टक्क्यांपर्यंतचा फरक मानकास धरून आहे. यासाठी येताना यंत्राबरोबर वापरात असलेल्या पट्ट्यांची बाटलीही आणावी. नुसत्या यंत्रावरून काही सांगता येत नाही.