पुरीमच्या ताटाऐवजी क्रोशाची पिशवी



कोकणात आपले वाडवडील पुरीमला 'होळीचा सण' म्हणत, कारण दोन्ही सण जवळजवळ येतात. त्या काळी सणावाराला शेजारी ताट जाई, वर रुमाल झाकलेला. ते ताट रिकामे परत येत नसे. घरात दुसरे काही नसले तर चिमूटभर साखर तरी त्यात पडे. रिकामे भांडे परत देऊ नये, ही आपल्या आईची शिकवण.

येथे इस्राएलात आपण मिशलोआख मानोत चकचकीत कागदात बांधून पाठवितो. कागद फाटतो, केराच्या डब्यात जातो, आणि परत यायला भांडेच उरत नाही. यासाठी या पाठात आम्ही क्रोशाची एक लहान रंगीत पिशवी देत आहोत. ती ताटासारखी जाते आणि ताटासारखी परत येऊ शकते.

प्रथम शास्त्राचा भाग पाहू. एस्तेरच्या पुस्तकाच्या 9 व्या अध्यायात एकमेकांस खाण्याचे पदार्थ पाठविणे आणि गरिबांस दान देणे, अशी दोन कर्तव्ये सांगितली आहेत. पहिल्यासाठी निदान एका व्यक्तीस खाण्यास तयार असे दोन पदार्थ द्यावेत. दुसऱ्यासाठी निदान दोन गरिबांस दान द्यावे. पिशवी कितीही सुंदर असली तरी ती 'माना' नव्हे. तिच्यात दोन करंज्या आणि थोडे खजूर घातले, की कर्तव्य पुरे होते. हे सर्व अदारच्या 14 तारखेस, आणि यरुशलेमात 15 तारखेस.

साहित्य : मध्यम जाडीचे सुती सूत सुमारे 100 ग्रॅम, 4 मिलिमीटरची क्रोशाची सुई, बोथट टोकाची मोठी सुई आणि वेगळ्या रंगाचा दोऱ्याचा तुकडा. दुकानात हिब्रूत कसे मागावे, असे पुष्कळ भगिनी विचारतात. क्रोशाला येथे 'सरीगा बे-मसरेगा अहात', म्हणजे एका सुईचे विणकाम म्हणतात. सुती दोरा म्हणजे 'हुते कुत्ना'. 'त्सेमेर' म्हणजे लोकर. ती घेऊ नये. लोकरीची पिशवी वजनाने ताणते. आमची पहिली पिशवी लोकरीची होती. तिच्यात बटाटे घातले, आणि घरी पोहोचेपर्यंत ती गुडघ्यापर्यंत लोंबू लागली!

लाल आणि गडद निळे सूत आधी पाण्यात भिजवून पांढऱ्या फडक्यावर दाबून पाहावे. रंग जात असेल तर ते पांढऱ्याशेजारी विणू नये.

तळ : 4 साखळ्या घालून त्यांचे कडे जोडावे. कड्यात 6 मुके खांब घालावेत. (सुई टाक्यात घालून दोरा ओढून घ्यावा, सुईवर दोन फासे होतील, पुन्हा दोरा घेऊन दोन्हींतून एकदम काढावा. हा मुका खांब.) दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात 2 खांब, एकूण 12. तिसऱ्या फेरीत एका टाक्यात 1, पुढच्यात 2, एकूण 18. चौथ्या फेरीत दोन टाक्यांत एकेक, तिसऱ्यात 2, एकूण 24. याप्रमाणे दर फेरीस 6 टाके वाढवीत जावे. दहाव्या फेरीस 60 टाके होतात.

फेरीच्या पहिल्या टाक्यात रंगीत दोऱ्याची खूण ठेवावी, नाहीतर मोजणी चुकते. तळाला झालर पडू लागली तर टाके जास्त झाले. वाटीसारखा वळू लागला तर कमी झाले. वाढीचे टाके नेहमी एकावर एक आले तर गोलाचा षटकोन होतो, म्हणून त्यांची जागा थोडी बदलावी.

बाजू : आता टाके न वाढविता 60 टाक्यांच्या 24 फेऱ्या विणाव्यात. रंग हवे तसे घ्यावेत; जुन्या कामातून उरलेले सुती सूतही येथे खपते. रंग बदलताना जुन्या रंगाचा शेवटचा टाका अर्धा ठेवावा, सुईवर दोन फासे असताना नवा रंग ओढून घ्यावा. म्हणजे जोड स्वच्छ येतो.

नाडी : नंतर एक उभा खांब, एक साखळी, एक टाका सोडून पुन्हा उभा खांब, अशी फेरी करावी. (उभ्या खांबासाठी आधी सुईवर दोऱ्याचा एक वेढा घ्यावा, मग दोन-दोन फासे दोनदा काढावेत.) 30 भोके होतील. वर मुक्या खांबाच्या दोन फेऱ्या घालून दोरा तोडावा. 150 साखळ्यांची नाडी करून ती पहिल्या भोकातून आत, दुसऱ्यातून बाहेर, अशी ओवावी. भोके सम असल्याने दोन्ही टोके बाहेरच राहतात. उरलेले दोरे बोथट सुईने आतून लपवावेत.

हात बसलेल्या भगिनीस एका पिशवीला चार-पाच संध्याकाळी पुरतात. तू बिश्वातला आरंभ केला तर साधारण एक महिना मिळतो. अदार दोन असतील त्या वर्षी दोन महिने.

आता जे मुख्य सांगावयाचे ते. आपली नातवंडे हिब्रू बोलतात, आणि आपल्यापैकी कित्येक आजींना ती भाषा अजून जड जाते. एकाच खोलीत बसूनही दोघांत बोलणे थोडे. पण सुई हातात दिली की नातीला आजीच्या बोटांकडे पाहावेच लागते. टाके मराठीत मोजावेत. "एक, दोन, तीन" करीत साठापर्यंत पोहोचलेली मुलगी साठ मराठी आकडे शिकलेली असते, आणि चोवीस फेऱ्यांनंतर ते विसरणे कठीण.

शेवटी एक विनंती. मोजून पाच पिशव्या करणार असाल तर सहा करा. लोदला, अश्दोदला, दिमोनाला, जेथे तुम्ही राहता तेथे, आपल्याच जिन्यात एखादी मावशी किंवा एखादे काका असतील, ज्यांच्या दारावर पुरीमच्या दिवशी कोणी थाप मारीत नाही. सहावी पिशवी त्यांची. देऊन लगेच परतू नका, थोडे बसा. आणि निघताना पिशवी त्यांच्याकडेच राहू द्या. ती परत करण्याच्या निमित्ताने पुढे एखाद्या दिवशी ते तुमचे दार वाजवतील. पिशवी रिकामी नसेल, याची खात्री ठेवा.

सर्वांस हाग पुरीम सामेआख.