बंदीच्या दिवसांत कॉम्प्रेसर वापरताना



१ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंदी. ट्रॉलर धक्क्याला लागतात, होड्या वर ओढल्या जातात आणि संस्थेच्या कॉम्प्रेसरला मागणी सुरू होते. कोणाला रंग मारायचा असतो, कोणाला इंजिनाचा फिल्टर फुंकून साफ करायचा असतो, कोणाच्या टेम्पोच्या चाकात हवा नसते. यंत्र छोटं, चाकावर ढकलत नेता येतं, म्हणून त्याची भीती कोणाला वाटत नाही. म्हणूनच हे चार शब्द लिहीत आहोत.

टाकीत काय भरलेलं असतं?

आपल्या कॉम्प्रेसरची टाकी ५० लिटरची आहे. मीटर ८ बार दाखवतो तेव्हा तिच्यात बाहेरची सुमारे ४५० लिटर हवा कोंबलेली असते. ८ बार म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण ८ किलोचा जोर. तळहाताएवढ्या, १० बाय १० सेंटिमीटरच्या पत्र्यावर ८०० किलोचा भार आला! हा भार टाकीच्या सगळ्या अंगावर आतून पडतो. पत्रा जाड आहे तोवर काही होत नाही. गंजून पातळ झाला, तर टाकी फाटते आणि जवळ उभा असलेला माणूस वाचेलच असं नाही.

गंज आतून येतो

पावसाळ्यात आपल्याकडच्या १००० लिटर हवेत २०-२५ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. हवा दाबली आणि टाकीत थंड झाली की त्यातलं बरंचसं पाणी तळाशी साचतं. तासभर रंगकाम केलं तरी पेलाभर पाणी जमू शकतं. टाकी बाहेरून रंगवलेली, चकचकीत दिसते, पण आत पाणी असतं आणि पत्रा तळातून खात असतो.

दोन वर्षांमागे बंदी उठल्यावर आम्ही कॉम्प्रेसर तसाच कोपऱ्यात ठेवला होता. पुढच्या मे महिन्यात टाकीखालचा कॉक उघडला, तर तांबडं, घाण पाणी बाहेर आलं. चूक आमचीच होती. तेव्हापासून नियम केला: काम संपलं की मशीन बंद करायचं, मीटर अगदी खाली आणायचा, कॉक हळूच उघडून सगळं पाणी काढायचं आणि कॉक उघडाच ठेवायचा. दोन मिनिटांचं काम आहे.

टाकीला बारीक भोक पडलं, तळाला फुगवटा दिसला किंवा गंजाचे पापुद्रे निघाले, तर ती टाकी बाद. वेल्डिंग करून ठिगळ लावू नका. ठिगळाशेजारचा पत्राही तेवढाच पातळ झालेला असतो.

सुरू करण्याआधी

१. सपाट, कोरड्या जागी ठेवा. जेटीवर लाटेचं पाणी उडतं तिथे नको.

२. तेल बघा. काचेवरच्या लाल ठिपक्याच्या मध्यापर्यंत हवं. दुधासारखं पांढरट झालं असेल तर पाणी गेलंय, बदला. कॉम्प्रेसरचंच तेल घाला, इंजिनचं उरलेलं तेल ओतू नका.

३. हवा ओढायचा फिल्टर काढून झटका. फायबरच्या होडीला घासलेली पूड त्यात लवकर बसते.

४. सेफ्टी व्हॉल्व्हची रिंग महिन्यातून एकदा, टाकीत दाब असताना, तोंड बाजूला ठेवून ओढा. हवा सुटली पाहिजे आणि सोडल्यावर बंद झाली पाहिजे. अडकला असेल तर मशीन वापरू नका, तेवढ्याच दाबाचा नवा बसवा. गळतो म्हणून तिथे बूच ठोकणं म्हणजे जीव घालवायची तयारी.

५. वायर लांब आणि बारीक असली की मोटरला पुरेसा व्होल्टेज मिळत नाही, ती तापून जळते. प्लगजवळ मशीन ठेवा आणि हवेचा पाईप लांब घ्या. अर्थिंग आणि ई.एल.सी.बी. शिवाय ओल्या जागी वीज लावू नका.

काम चालू असताना

बंद करताना आधी मशीनवरच्या स्विचने बंद करा, प्लग नंतर काढा. नुसता प्लग ओढला की हेडमध्ये दाब अडकून राहतो आणि पुढच्या वेळी मोटर गुरगुरते पण फिरत नाही.

पाईप काढण्याआधी त्यातली हवा सोडा. दाबाखाली सुटलेला पाईप चाबकासारखा फटका मारतो. हवेसाठी बागेचा किंवा पाण्याचा पी.व्ही.सी. पाईप चालत नाही.

काही साफ करायचं तर रेग्युलेटर २ बारच्या आत ठेवा आणि चष्मा लावा. कपड्यांवरची धूळ उडवायला अंगावर हवा मारू नका. गंमत म्हणून दुसऱ्याच्या अंगावर तर कधीच नको. जखमेतून हवा आत शिरू शकते, डोळा आणि कानाचा पडदा जाऊ शकतो.

थिनरचा वास आहे तिथून मशीन लांब, वाऱ्याच्या वरच्या अंगाला ठेवा. स्विचमध्ये ठिणगी पडते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं

गेल्या मोसमात एका ट्रॉलरच्या पंख्यात दोर गुंडाळला. एका तरुण खलाशाने कॉम्प्रेसर मागितला: "पाईप तोंडात धरून बुडी मारतो, दहा मिनिटांचं काम." आम्ही दिला नाही. तो रागावला, तांडेलही रागावला. दुसऱ्या दिवशी सुकतीला ट्रॉलर उथळ जागी घेऊन दोर कापला. एक दिवस गेला, एवढंच.

नाही का दिला, ते सांगतो. या मशीनची हवा चाकासाठी आणि रंगासाठी आहे, श्वासासाठी नाही. तिच्यात तेलाचे बारीक कण असतात. मशीन तापलं की जळक्या तेलाचा धूर मिसळतो. पेट्रोलचं इंजिन जवळ असेल तर त्याचा कार्बन मोनॉक्साइड आत ओढला जातो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस पाण्याखाली गुंगतो आणि वरच्याला कळतही नाही. शिवाय वीज गेली की हवा बंद. घाबरून श्वास कोंडून वर आला, तर थोड्याच खोलीवरूनही फुप्फुसं फाटू शकतात. बुडी मारणाऱ्यांचा कॉम्प्रेसर वेगळा असतो, त्याला गाळण्या वेगळ्या असतात आणि त्याचं शिक्षण घ्यावं लागतं. असं काम निघालं तर शिकलेला पाणबुड्या बोलवा. खर्च होईल, पण दोरासाठी घरचा माणूस घालवायचा नाही.

कार्यालयात कॉम्प्रेसरची वही ठेवली आहे. नेताना नाव, काम आणि वेळ लिहा. परत आणताना टाकी रिकामी आणि कॉक उघडा आहे हे आमच्यासमोर दाखवून सही करा. पाणी काढलेलं नसेल तर मशीन परत घेणार नाही. कंटाळा वाटला तरी चालेल.

यंत्र जपा, त्याहून आधी माणूस जपा.

आपले,
सचिव